परीक्षेआधी बीजगणिताची उजळणी: धड्याचे नाव झाका, मग गणित सोडवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्राथमिक बीजगणिताची अंतिम परीक्षा दोन आठवड्यांवर आली आहे. घातांक, बहुपदी, अवयव, एका चलातील समीकरणे, एकसामयिक समीकरणे, आलेख, वर्गसमीकरणे, सगळे एकदा शिकून झाले आहे. वहीतले सोडवलेले उदाहरण वाचले की कळते, पण कोरा कागद समोर आला की हात थांबतो. उजळणी कुठून सुरू करावी, सूत्रे पाठ करावीत का, आणि वेळ पुरला नाही तर काय सोडावे?

हात का थांबतो, ते आधी पाहू. धड्याखालच्या उदाहरणसंग्रहात निम्मे काम धड्याच्या नावानेच करून ठेवलेले असते. वर ‘वर्गांतील फरक’ असे लिहिले आहे, म्हणजे खालच्या वीसही गणितांत (अ − ब)(अ + ब) करायचे. तिसऱ्या गणितापासून डोके बाजूला ठेवले तरी हात चालतो, उत्तरे बरोबर येतात आणि धडा ‘झाला’ असे वाटते. प्रश्नपत्रिकेत वर काही लिहिलेले नसते. तिथे कोणती पद्धत वापरायची हे आधी ओळखावे लागते, आणि नेमके हेच काम वर्षभर कोणी करायला लावलेले नसते. त्यामुळे ‘समजते पण येत नाही’ ही तक्रार मी बुद्धीच्या खात्यावर मांडत नाही. सरावच चुकीच्या गोष्टीचा झालेला असतो.

हे नुसते माझे मत नाही. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एकेका आकृतीची गणिते सलग सोडवली, दुसऱ्याने तीच गणिते मिसळून सोडवली. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर होती आणि मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ वर राहिले. पहिल्या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहा. मिसळून सराव करताना जास्त चुका होतात, मन खट्टू होते, आणि आपला अभ्यास बिघडला असे वाटते. पुढच्या दोन आठवड्यांत तुम्हालाही तसे वाटणार आहे. वाटू द्या.

सुरुवात एका जुन्या प्रश्नपत्रिकेने करा. ती नसेल तर प्रत्येक धड्याच्या शेवटच्या संकीर्ण प्रश्नांतून दोन-दोन गणिते उचलून क्रम विस्कटा. घड्याळ लावा, वही बंद ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. उजळणीच्या आधीच ही परीक्षा द्यायची, नंतर नाही, कारण कुठे दुखते आहे ते यातूनच कळणार. तपासताना नुसते चूक-बरोबर करून गुणांची बेरीज मांडू नका. प्रत्येक चुकीपुढे तीनांपैकी एक खूण करा: ‘काय करायचे ते सुचलेच नाही’, ‘सुरू केले पण मध्ये अडलो’, ‘रीत बरोबर, पण चिन्ह किंवा आकडेमोड चुकली’. या तीन चुकांचे उपाय वेगवेगळे आहेत आणि लोक तिन्हींवर एकच उपाय करतात: पूर्ण धडा पुन्हा वाचतात. धडा वाचून फायदा होतो तो फक्त मधल्या प्रकाराला, आणि तिथेही अडलेली पायरी जिथे आहे तेवढेच पान वाचायचे.

पहिल्या प्रकारासाठी, म्हणजे सुचतच नाही यासाठी, माझ्याकडे एकच व्यायाम आहे आणि उजळणीचा सर्वांत मोठा वाटा मी त्यालाच देतो. साध्या कागदाच्या चिठ्ठ्या करा. प्रत्येक चिठ्ठीवर एक गणित. मागे धड्याचे नाव आणि उत्तर. चाळीस-पन्नास चिठ्ठ्या झाल्या की पिसा आणि एकेक उचला. गणित पूर्ण सोडवायचे नाही. फक्त दोन गोष्टी मोठ्याने सांगायच्या: यात मागितले काय आहे, आणि पहिली पायरी कोणती. सांगितले की चिठ्ठी उलटून पाहा आणि पुढची घ्या. वीस गणिते अशी दहा-बारा मिनिटांत होतात. शेवटी त्यातली चार-पाचच पूर्ण सोडवा, तीही जिथे पहिली पायरी सांगताना अडखळला होतात ती.

चिठ्ठ्या करताना एकमेकींसारखी दिसणारी गणिते मुद्दाम घाला. उदाहरणार्थ ही चार:

२क्ष² − १८ चे अवयव पाडा.
२क्ष² = १८ सोडवा.
२क्ष² = १८क्ष सोडवा.
−२क्ष < १८ सोडवा.

चारही ठिकाणी तेच २, तेच १८, पण कामे चार वेगळी. पहिल्यात समीकरणच नाही. २ सामाईक काढायचा आणि २(क्ष − ३)(क्ष + ३) इथे थांबायचे. ‘क्ष = ३’ लिहिले तर न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. दुसऱ्यात २ ने भागून क्ष² = ९, आणि मग क्ष = ३ किंवा क्ष = −३; उणे तीन विसरणारे प्रत्येक वर्गात असतात. तिसऱ्यात दोन्ही बाजूंना क्ष ने भागायचा मोह होतो. भागले की ९ हे एकच उत्तर हाती लागते आणि ० हे दुसरे उत्तर नाहीसे होते. क्ष शून्यही असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून सगळे एका बाजूला आणून २क्ष(क्ष − ९) = ० करायचे. चौथ्यात ऋण संख्येने भागल्यावर चिन्ह उलटते: क्ष > −९. उलटायचे की नाही याची खात्री नसेल तर ० ठेवून पाहा. ० < १८ खरे आहे, म्हणून उत्तरातही ० यायला हवा, आणि −९ पेक्षा मोठ्या संख्यांत तो येतो. एवढ्या एका चौकडीत तीन-चार धडे उजळून निघतात.

आता ज्या जागेवर सर्वांत जास्त गुण सांडतात तिथे जरा रेंगाळू. एक समीकरण घ्या:

(क्ष − ३)/४ − (२क्ष − ५)/६ = १

४ आणि ६ चा लसावि १२. प्रत्येक पदाला १२ ने गुणले:

३(क्ष − ३) − २(२क्ष − ५) = १२
३क्ष − ९ − ४क्ष + १० = १२
−क्ष + १ = १२
क्ष = −११

या चार ओळींत घसरायच्या दोन जागा आहेत. पहिली म्हणजे उजवीकडचा १. छेद डावीकडे आहेत, म्हणून नजर तिकडेच राहते आणि १ ला १२ ने गुणायचे राहून जाते. मग −क्ष + १ = १, म्हणजे क्ष = ० येतो. दिसायला छान, सुटसुटीत उत्तर. दुसरी जागा −२(२क्ष − ५). कंसाबाहेरचा उणे पहिल्या पदापर्यंत पोचतो आणि दुसऱ्याकडे येईपर्यंत विसरला जातो. −४क्ष − १० लिहिले जाते आणि उत्तर −३१ येते. गंमत म्हणजे ‘ऋण गुणिले ऋण किती’ असे विचारले तर हेच विद्यार्थी झोपेतून उठून सांगतील. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये हा नियम लिहून ठेवला आहे आणि तो कोणालाच कठीण जात नाही. चूक होते ती कंस आणि छेद एकाच पायरीत सोडवायच्या घाईने. म्हणून अपूर्णांकाचे समीकरण असेल तर अंशाला कंस घातल्याशिवाय लसाविने गुणायचे नाही, आणि कंसांची ओळ पूर्ण लिहिल्याशिवाय ते सोडवायचे नाहीत. एक ओळ जास्त लिहायला दहा सेकंद लागतात.

मग ताळा. क्ष = −११ मूळ समीकरणात ठेवा: −१४/४ म्हणजे −३.५, आणि −२७/६ म्हणजे −४.५. −३.५ − (−४.५) = १. जुळले. आता ते चुकलेले क्ष = ० ठेवून पाहा: −३/४ + ५/६ = १/१२. यायला हवे होते १, आले १/१२. म्हणजे १२ ने गुणायचे कुठेतरी राहिले, हे ताळ्यानेच सांगितले. प्रत्येक वेळी तो इतका बोलका नसतो, पण ‘चूक आहे’ एवढे तर नक्की सांगतो. समीकरण सोडवल्यावर ताळा न पाहणे म्हणजे उत्तरपत्रिका स्वतः तपासायची मुभा असताना ती नाकारणे. ताळा मूळ समीकरणातच पाहायचा, मधल्या ओळीत नाही. मधली ओळच चुकली असेल तर तिथे तो खोटा जुळतो.

याच समीकरणाची डावी बाजू एकटी घ्या आणि वर लिहा ‘सरळ रूप द्या’:

(क्ष − ३)/४ − (२क्ष − ५)/६

उत्तर (१ − क्ष)/१२. इथे १२ छेदात राहतो. बरेच जण सवयीने १२ ने गुणून छेद उडवतात आणि १ − क्ष लिहून मोकळे होतात. समीकरणाला दोन बाजू असतात, दोन्हींना १२ ने गुणले तर समानता टिकते. नुसत्या राशीला १२ ने गुणले तर ती बारापट झाली, दुसरी बाजूच नाही भरपाई करायला. राशी कोणती आणि समीकरण कोणते हा भेद ज्याला पक्का झाला त्याची निम्मी उजळणी झाली असे मी समजतो. बराबरचे (किंवा लहान-मोठ्याचे) चिन्ह आहे का, हे पाहायला अर्धा सेकंद लागतो. चिन्ह नसेल तर ‘सोडवणे’ हा प्रकारच तिथे नाही. सरळ रूप द्यायचे, विस्तार करायचा, अवयव पाडायचे किंवा दिलेली किंमत ठेवायची.

बराबरच्या चिन्हावरून आठवले. ‘३क्ष + ५ = २० = ३क्ष = १५ = क्ष = ५’ अशी आगगाडी लिहू नका. वेल्श गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये हे चिन्ह पहिल्यांदा छापले तेव्हा दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघा घेतल्या, कारण त्यांच्याहून अधिक समान दोन गोष्टी असू शकत नाहीत असे त्याचे म्हणणे होते. तुमच्या आगगाडीत २० आणि १५ समान झाले आहेत. एका ओळीत एक समीकरण, बराबरची चिन्हे एकाखाली एक. परीक्षकासाठी नव्हे, चूक शोधताना तुम्हालाच वर-खाली नजर फिरवता यावी म्हणून.

राशींच्या गणितांना ताळा नसतो असा समज आहे. असतो. क्ष ला एखादी किंमत देऊन सुरुवातीची राशी आणि उत्तर यांची किंमत काढा. जुळली नाही तर चूक नक्की. फक्त किंमत विचार करून निवडा. ० घेतला तर (क्ष + ३)² = क्ष² + ९ हे साफ चुकीचे विधानही खरे ठरते. १ घेतला तर क्ष² × क्ष³ = क्ष⁶ खरे वाटते, कारण १ चा कोणताही घात १ च. २ मध्येही खोट आहे: २ + २, २ × २ आणि २² तिन्ही ४, त्यामुळे २क्ष आणि क्ष² यांतला घोळ पकडला जात नाही. मी ३ घ्यायला सांगतो. (३ + ३)² = ३६ आणि ३² + ९ = १८, लगेच उघडे पडते. ३ ठेवून छेद शून्य होत असेल तर ५ घ्या.

अवयवांसाठी क्रम ठरलेला ठेवा. आधी सामाईक अवयव बाहेर, नेहमी, काहीही झाले तरी. मग पदे मोजा. दोन असतील तर वर्गांतील फरक आहे का पाहा. तीन असतील तर मधले पद फोडा. चार असतील तर दोन-दोनच्या जोड्या. मधले पद फोडण्यात वेळ फार जातो, म्हणून एक युक्ती सांगतो जी धड्यात सहसा दुसरीकडेच असते. ६क्ष² − ७क्ष − ३ घ्या. ही राशी अक्ष² + बक्ष + क अशी पाहिली तर अ = ६, ब = −७, क = −३. अंदाजाने आकडे शोधत बसण्याआधी ब² − ४अक काढा: ४९ + ७२ = १२१. हा ११ चा वर्ग आहे, म्हणजे पूर्णांकांत अवयव नक्की पडणार, शोधायला हरकत नाही. गुणाकार ६ × (−३) = −१८ आणि बेरीज −७ अशी जोडी हवी: −९ आणि २.

६क्ष² − ९क्ष + २क्ष − ३
= ३क्ष(२क्ष − ३) + १(२क्ष − ३)
= (२क्ष − ३)(३क्ष + १)

३ ठेवून पाहा: ५४ − २१ − ३ = ३०, आणि ३ × १० = ३०. दुसऱ्या ओळीतला तो १ लिहायचा आळस करू नका. तो गळला की शेवटच्या कंसातला १ ही गळतो. उलट २क्ष² + ३क्ष − ४ = ० मध्ये ९ + ३२ = ४१ येतो. पूर्ण वर्ग नाही. पूर्णांकांत अवयव पडणारच नाहीत, सरळ सूत्राकडे जा. पेपरात ही एका ओळीची आकडेमोड पाच-सहा मिनिटांची शोधाशोध वाचवते.

सूत्राचे म्हणाल तर क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ यात भागाकाराची रेघ पूर्ण अंशाखाली आहे, फक्त करणीखाली नाही. आणि ब स्वतः ऋण असेल तर −ब धन होतो. अ, ब, क यांच्या किंमती चिन्हासकट वेगळ्या ओळीत लिहून घेतल्या की या दोन्ही चुका जवळजवळ थांबतात.

वर्गसमीकरणात आणखी एक सापळा आहे: क्ष(क्ष − ५) = ६. ‘क्ष = ६ किंवा क्ष − ५ = ६’ असे लिहिणारे खूप. दोन संख्यांचा गुणाकार ० असेल तरच त्यांतली एक ० असते. गुणाकार ६ असेल तर संख्या २ आणि ३ असतील, १२ आणि अर्धा असतील, काहीही असेल. गंमत अशी की इथे क्ष = ६ हे खरोखरच एक उत्तर आहे, योगायोगाने. त्यामुळे उत्तर पडताळणाऱ्याला रीत बरोबर वाटते आणि ११ हे दुसरे उत्तर तो न पडताळताच लिहितो. दोन्ही उत्तरे पडताळा. खरी रीत: क्ष² − ५क्ष − ६ = ०, (क्ष − ६)(क्ष + १) = ०, म्हणून ६ आणि −१.

घातांकांचे नियम पाठ करू नका असे मी म्हणतो तेव्हा लोक दचकतात. पण पाठ केलेले नियम परीक्षेच्या ताणात एकमेकांत मिसळतात: घातांकांची बेरीज कधी, गुणाकार कधी? लिहून काढा. क्ष² × क्ष³ म्हणजे दोन क्ष आणि तीन क्ष, एकूण पाच. (क्ष²)³ म्हणजे दोनाच्या तीन जोड्या, सहा. ऋण घातांकाला २³, २², २¹ म्हणजे ८, ४, २ अशी ओळ मांडून खाली उतरत जा; प्रत्येक वेळी अर्धे होते, म्हणून २⁰ = १ आणि २⁻¹ = १/२. दोन गोष्टी मात्र डोळ्यांना सवय लावून घ्याव्या लागतात. (२क्ष³)² मध्ये २ चाही वर्ग होतो, ४क्ष⁶. आणि −३² व (−३)² वेगळे: पहिले −९, दुसरे ९. कॅल्क्युलेटर वापरायची परवानगी असेल तर ऋण किंमत ठेवताना कंस घालाच, कारण कंसाशिवाय बहुतेक सायंटिफिक कॅल्क्युलेटर −९ दाखवतात आणि तो कॅल्क्युलेटरचा दोष नसतो.

काटाकाटी फक्त अवयवांची होते, पदांची नाही. (क्ष + ४)/४ मधले ४ काटता येत नाहीत. (क्ष² − ९)/(क्ष − ३) मध्ये आधी अवयव पाडा, मग क्ष + ३ उरेल. शंका आली की किंमत ठेवा. इथे ३ चालणार नाही, ५ घ्या.

एकसामयिक समीकरणांत ताळ्याची एक बारीक गोष्ट आहे.

३क्ष + ४य = १
५क्ष − २य = १९

दुसऱ्याला २ ने गुणून मिळवले: १३क्ष = ३९, क्ष = ३. ही किंमत पहिल्यात ठेवून य = −२. आता ताळा कुठे पाहायचा? पहिल्यात पाहून उपयोग नाही. य पहिल्या समीकरणातूनच काढला आहे, क्ष चुकला असता तरी ते जुळलेच असते. समजा २ ने गुणताना उजवीकडचे १९ तसेच राहिले असते, तर १३क्ष = २० आले असते; त्यावरून काढलेला य पहिल्या समीकरणात चपखल बसला असता. म्हणून ताळा दुसऱ्यात: १५ + ४ = १९. जुळले. आणि दोन्ही चले उडून ० = ५ सारखे काही उरले तर घाबरून खाडाखोड करू नका. रेषा समांतर आहेत, उकल नाही. ० = ० उरले तर एकच रेषा दोनदा दिली आहे, उकली अनंत.

आलेखांवर मी फार वेळ घालवू देत नाही. दोन बिंदूंवरून रेषेचे समीकरण आले आणि समीकरणावरून रेषा काढता आली की पुरे. (−२, ५) आणि (४, −७): चढ (−७ − ५)/(४ + २) = −२, मग य = चढ × क्ष + क मध्ये पहिला बिंदू ठेवून ५ = −२ × (−२) + क, क = १, य = −२क्ष + १. दुसरा बिंदू ठेवून ताळा: −८ + १ = −७. क्ष = ३ ही उभी रेषा आणि य = ३ ही आडवी, एवढे उलटसुलट होऊ देऊ नका.

शाब्दिक गणिते उजळणीच्या शेवटी ठेवायची सवय असते आणि मग ती राहूनच जातात. रोज एक करा. अडचण बहुधा समीकरण सोडवण्यात नसते, मांडण्यात असते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या क्लेमेंट, लॉकहेड आणि मंक यांच्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक वाक्य दिले होते: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, समीकरण लिहा. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जणांचे चुकले, आणि नेहमीची चूक होती ६व = प. वाक्यात ‘सहा’ आणि ‘विद्यार्थी’ जवळ दिसले की हात तसेच लिहितो. मुळात व म्हणजे विद्यार्थी नव्हे, विद्यार्थ्यांची संख्या. दहा प्राध्यापक असतील तर विद्यार्थी साठ; हे आकडे ६व = प मध्ये ठेवले तर ३६० = १० येते. म्हणजे व = ६प. म्हणून शाब्दिक गणितात पहिली ओळ नेहमी ‘समजा क्ष = अमक्याची संख्या’ अशी, एककासकट; आणि समीकरण लिहिल्यावर, सोडवण्याआधी, सोपे आकडे घालून वाक्याशी पडताळून पाहायचे. उत्तर आल्यावर ताळा वाक्यात पाहायचा, समीकरणात नाही. समीकरणच चुकीचे मांडले असेल तर ते स्वतःशी जुळणारच.

दोन आठवड्यांची मांडणी ढोबळ ठेवा. पहिल्या दिवशी ती परीक्षा आणि चुकांच्या खुणा. पुढचे तीन-चार दिवस चिन्हे, कंस आणि अपूर्णांक, कारण हे तिन्ही पुढच्या प्रत्येक धड्यात येतात. समीकरणे कच्ची वाटतात तेव्हाही मुळात अपूर्णांकच कच्चे असतात. त्यानंतर समीकरणे आणि अवयव, मग वर्गसमीकरणे, आलेख पटकन. चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून रोज, आणि जुन्या चिठ्ठ्या काढून टाकायच्या नाहीत. शेवटच्या चार दिवसांत आणखी दोन पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, एक दिवस आड. सोडवलेली उदाहरणे वाचायची असतील तर उत्तर कागदाने झाका आणि एकेक ओळ उघडत जा. प्रत्येक ओळीआधी पुढे काय येणार ते स्वतः लिहा. नुसते वाचणे आणि व्हिडिओ पाहणे यांत वेळ सुखाने जातो, इतकेच.

वेळ खरोखर कमी पडला तर सोडायचे काय, हेही विचारले आहे. लांबलचक शाब्दिक गणितांचे अवघड प्रकार सोडा, करणींची गुंतागुंतीची रूपे सोडा, आलेखातले नटणे-मुरडणे सोडा. अपूर्णांकांची समीकरणे आणि अवयव सोडू नका. पाठ करायचे तेवढे (अ + ब)², (अ − ब)², अ² − ब², वर्गसमीकरणाचे सूत्र आणि चढाचे सूत्र. तेही रोज सकाळी कोऱ्या कागदावर न पाहता लिहून, भिंतीवर चिकटवून नव्हे. भिंतीवरचा कागद तिसऱ्या दिवशी दिसेनासा होतो.

आदल्या संध्याकाळी नवे गणित उघडू नका. पहिल्या दिवशीच्या प्रश्नपत्रिकेत चुकलेली गणिते, खुणांसकट, पुन्हा एकदा पूर्ण सोडवा आणि प्रत्येकाचा ताळा पाहा. पेपर हातात आल्यावर प्रत्येक प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारा: सोडवा, अवयव पाडा, सरळ रूप द्या, किंमत काढा. पहिली पायरी लगेच सुचते ती गणिते आधी घ्या, आणि शेवटची दहा मिनिटे ताळ्यासाठी राखून ठेवा. ती नव्या गणिताला देऊ नका, एक गणित कोरे राहिले तरी चालेल.